ॲसिडिटीमुळे घास अडकतो तेव्हा नर्व्ह ब्लॉक: कोणाला, कधी, कसा

मानेत एक इंजेक्शन घेतलं की घास अडकायचा थांबतो, असं कुठेतरी ऐकून ॲसिडिटीचे जुने रुग्ण नर्व्ह ब्लॉकची, म्हणजे नसेजवळ औषध देऊन ती काही काळ बधिर करण्याची, चौकशी करतात. ब्लॉकचा उपयोग होतो, पण फार मर्यादित रुग्णांना. घशाच्या वरच्या भागातली नस आम्लाच्या माऱ्याने किंवा एखाद्या संसर्गानंतर हळवी झाली आहे आणि गिळण्याची वाट मात्र पूर्ण मोकळी आहे, अशांना. अन्ननलिका आतून सुजली असेल किंवा बुजत चालली असेल, तर इंजेक्शनने ती एक मिलिमीटरही उघडत नाही. उलट दुखणं दबतं आणि खरा आजार मागे राहतो. म्हणून खाली इंजेक्शन शेवटी आलं आहे, आणि ते मुद्दाम.

अडकतं कुठे आणि काय

गिळण्याचे ढोबळमानाने दोन टप्पे धरा. पहिल्यात जीभ आणि घसा मिळून घास अन्ननलिकेच्या तोंडाशी पोचवतात. हे काम जेमतेम सेकंदाचं. दुसऱ्यात अन्ननलिकेच्या आकुंचनाची लाट तो घास जठरापर्यंत नेते, त्याला आठ-दहा सेकंद लागतात. पहिल्या टप्प्यात बिघाड असेल तर आवंढा गिळताक्षणी ठसका लागतो, पाणी नाकात येतं, एका घासासाठी तीन-चारदा आवंढा गिळावा लागतो. दुसऱ्यात बिघाड असेल तर घास उतरल्यासारखा वाटतो आणि काही सेकंदांनी छातीत थबकतो. ॲसिडिटीचं नुकसान बहुतेक वेळा या दुसऱ्या टप्प्यातलं असतं.

बोट ठेवून ‘इथे अडकतं’ असं सांगितलेली जागा मात्र फसवी असते. जठराजवळचा अडथळासुद्धा अनेकदा गळ्याच्या खळगीत जाणवतो. गळ्यात जाणवतं म्हणून गळ्यातच इंजेक्शन, हा हिशेब इथेच चुकतो.

मग काय अडकतं ते बघायचं. फक्त घट्ट पदार्थ अडकतात, पाणी सरळ जातं: वाट कुठेतरी अरुंद झाली आहे. घट्ट आणि पातळ दोन्ही पहिल्या दिवसापासून अडकतात: स्नायूंच्या लाटेत किंवा अन्ननलिकेच्या खालच्या झडपेत दोष आहे. कधीमधी, घाईत खाल्लेला मांसाचा किंवा पावाचा मोठा तुकडाच अडकतो आणि मधले आठवडे काहीच होत नाही: अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला पातळ कडं असण्याची शक्यता. आधी घट्ट, मग मऊ, मग पातळ अशी तक्रार काही आठवड्यांत चढत गेली आणि वजन उतरलं, तर कर्करोग नाही हे आधी पक्कं करायचं, बाकी सगळं नंतर.

आणखी एक प्रकार आहे, आणि नर्व्ह ब्लॉकच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. घशात सतत गोळा असल्यासारखं वाटतं, खाकरून काही निघत नाही, पण जेवताना हा गोळा जाणवत नाही, किंवा कमी होतो. घास प्रत्यक्षात कुठेही अडकत नाही, अडकल्याची संवेदना तेवढी असते. रुग्ण दोन्हीला ‘गिळायला त्रास’ म्हणतो, त्यामुळे हा प्रश्न मुद्दाम विचारावा लागतो: जेवताना त्रास वाढतो की कमी होतो?

थांबायचं नाही अशा खुणा

घास अडकला आणि स्वतःची लाळही गिळता येत नाही, ती तोंडातून बाहेर येते आहे, तर तेव्हाच रुग्णालय गाठा. अशा वेळी सहा तासांच्या आत, जमल्यास दोन तासांतच एन्डोस्कोपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, घास काढायचा असतो. ‘पाणी पिऊन ढकलतो’ असा प्रयत्न करू नका. अडकलेल्या घासावर साचलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. काळी शौच, रक्ताची उलटी, कारण नसताना उतरलेलं वजन, रक्तक्षय, गिळताना तीव्र वेदना, बसलेला आवाज तीन आठवड्यांत न सुटणं, किंवा ही तक्रार पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू होणं, यांतलं काहीही असेल तर घरगुती उपाय आणि ‘आधी महिनाभर गोळी घेऊन बघू’ दोन्ही बाजूला ठेवायचं.

आधी तपासणी

पहिली तपासणी एन्डोस्कोपी. आम्लाने झालेल्या जखमांना लॉस एंजेलिस वर्गीकरणात ए ते डी अशी प्रत देतात. ए म्हणजे पाच मिलिमीटरपेक्षा लहान ओरखडा. डी म्हणजे नळीच्या घेराच्या पाऊण भागाला किंवा त्याहून जास्त वेढणारी जखम. अहवालात ही प्रत लिहिलेली असावी. ‘सूज आहे’ एवढंच लिहून आलेल्या अहवालावरून पुढचे उपचार ठरवता येत नाहीत.

एन्डोस्कोपी करताना नळी दिसायला चांगली असली तरी तिच्या अस्तराचे छोटे तुकडे (बायोप्सी) तपासायला घ्यावेत, असा आग्रह धरा. ईओसिनोफिलिक इसोफेजायटिस नावाचा ॲलर्जीच्या अंगाचा आजार असतो, त्यात घास अडकतो आणि तो ॲसिडिटी समजून वर्षानुवर्षं गोळ्या चालतात. त्याचं निदान फक्त तुकड्यांवरून होतं. अन्ननलिकेच्या निदान दोन पातळ्यांवरून मिळून सहा तुकडे घ्यावे लागतात, आणि सूक्ष्मदर्शकाच्या एका मोठ्या क्षेत्रात पंधरा किंवा जास्त ईओसिनोफिल पेशी दिसल्या तर निदान पुढे सरकतं. तुकडे न घेता ‘नॉर्मल’ म्हटलेली एन्डोस्कोपी अर्धवट समजावी.

एन्डोस्कोपीत काही नसेल तर दोन तपासण्या उरतात. बेरियम गिळून काढलेला एक्स-रे, शक्यतो त्यासोबत सुमारे १३ मिलिमीटर व्यासाची बेरियमची गोळी गिळायला देऊन. पाणी जाईल इतकं रुंद पण घासाला अपुरं असं अरुंदपण याच गोळीने उघडं पडतं. दुसरी मॅनोमेट्री, म्हणजे नळीतले दाब मोजणं. ही टाळू नये, कारण अकॅलेझिया या आजारात खालची झडप उघडत नाही, अन्न नळीत साचून आंबतं आणि छातीत जळजळ होते. रुग्णाला आणि डॉक्टरांनाही ती ॲसिडिटीच वाटते. एक ओळखीची खूण: तोंडात परत येणारं अन्न आंबट नसून खाल्लं तसंच, बेचव असतं.

आम्ल खरंच वर येतं का, याबद्दल शंका असेल तर चोवीस तासांची पीएच चाचणी. दिवसभरातल्या सहा टक्क्यांपेक्षा जास्त वेळ नळीत आम्ल राहिलं तर आजार नक्की, चार टक्क्यांहून कमी असेल तर नाही. मधला पट्टा संदिग्ध. ज्यांना ब्लॉक घ्यायचा विचार आहे त्यांनी ही चाचणी करून घेतलेली फार बरी. आम्ल वर येतच नसेल तर सगळा उपचार चुकीच्या दिशेने चालला आहे.

गोळी बरोबर घेतली जाते का

‘गोळ्यांचा उपयोग झाला नाही’ असं सांगणाऱ्या किती जणांनी गोळी वेळेवर घेतलेली असते, हा प्रश्न आधी सोडवायचा. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, इसोमेप्राझोल ही औषधं जठरातल्या आम्लाच्या पंपांना चिकटून ते बंद करतात, पण चालू असलेल्या पंपांनाच. पंप चालू होतात ते अन्नामुळे. त्यामुळे गोळी जेवणाच्या ३० ते ६० मिनिटं आधी पोटात गेली पाहिजे. जेवल्यावर घेतलेली किंवा झोपताना रिकाम्या पोटी घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. नाश्ता न करणाऱ्या माणसाने ती नाश्त्याच्या वेळी घेण्यात अर्थ नाही. दिवसाचं पहिलं जेवण जे असेल त्याआधी घ्यावी.

नेहमीची मात्रा ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम किंवा पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. जखमा असतील तर आठ आठवडे सलग. मधे बरं वाटलं म्हणून सोडायची नाही, कारण जळजळ चार दिवसांत थांबते आणि जखम भरायला आठवडे लागतात. अपुरं पडलं तर डॉक्टर दोन वेळा देतात, सकाळ-संध्याकाळच्या जेवणाआधी. गोळी चावायची किंवा कुटायची नाही, तिच्यावरचं आवरण आम्लापासून औषध वाचवण्यासाठीच असतं. गोळीच गिळता येत नसेल तर ओमेप्राझोलची कॅप्सूल उघडून आतले दाणे मऊ, थंड, किंचित आंबट फळाच्या गरात मिसळून न चावता गिळतात. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल चालू असणाऱ्यांनी ओमेप्राझोल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये; ते क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतं.

याच्या जोडीला झोपण्याआधी तीन तास पोट रिकामं, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटरचे ठोकळे, आणि डाव्या कुशीवर झोप. दोन-तीन उशा घेऊन भागत नाही. त्याने माणूस पोटात दुमडतो, पोटावरचा दाब वाढतो आणि आम्ल आणखी वर येतं.

इतर औषधांची पिशवीही एकदा उपडी करून बघा. डॉक्सिसायक्लिन, हाडांसाठीची ॲलेन्ड्रोनेट, पोटॅशियमच्या गोळ्या, लोह, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं ही नळीत अडकली तर तिथेच जखम करतात. अशी गोळी पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर, उभ्याने किंवा बसून घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

नळी अरुंद झाली असेल तर

आम्लाच्या जखमा भरून येताना आकसतात आणि जठराजवळ गुळगुळीत, आखूड असा आवळ तयार होतो. नळीचा व्यास साधारण १३ मिलिमीटरच्या खाली गेला की घट्ट घास अडकू लागतो. इथे उपाय एकच: नळी ताणून रुंद करणं. दुर्बिणीतून फुगा घालून किंवा तारेवरून वाढत्या जाडीच्या नळ्या घालून हे करतात. प्रतिकार जाणवायला लागल्यानंतर एका बैठकीत एक-एक मिलिमीटरच्या तीनच पायऱ्या चढायच्या, हा जुना आणि शहाणा नियम. १० मिलिमीटरवरून एकाच दिवशी १८ वर नेण्याची घाई नळी फाटायला निमंत्रण देते. एक-दोन आठवड्यांच्या अंतराने पुढच्या बैठका होतात. दर दोन आठवड्यांनी अशा पाच बैठका करूनही १४ मिलिमीटरपर्यंत पोचता आलं नाही, तर तो आवळ हट्टी समजतात आणि मग त्याच्या चारही बाजूंना ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन पुन्हा ताणतात.

हे इंजेक्शन आणि नर्व्ह ब्लॉक एक नव्हे. दोन्हींत औषध तेच असू शकतं, म्हणून रुग्णांचा गोंधळ होतो. ते नळीच्या भिंतीत जातं, ब्लॉक मानेत बाहेरून नसेजवळ.

रुंदीकरणानंतर छातीत वाढत जाणारी कळ, ताप, धाप, किंवा मानेच्या कातडीखाली दाबल्यावर करकर असा आवाज आला, तर नळीला छिद्र पडलेलं असू शकतं. साध्या आवळांत हे क्वचित होतं, पण झालं तर तासांचा हिशेब असतो. ताणल्यानंतर आम्लाची गोळी बंद केली तर आवळ परत येतो. बऱ्याचदा रुंदीकरणाला दोष दिला जातो, कारण असतं ते बंद केलेल्या गोळीत.

मग ब्लॉक कोणाला

इथपर्यंतची चाळणी लागली की मागे उरतात ते असे रुग्ण: एन्डोस्कोपी आणि तुकडे स्वच्छ, बेरियमची गोळी सरळ जाते, मॅनोमेट्री ठीक, आम्ल औषधाने आटोक्यात, कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकातून दुर्बीण घालून घसा आणि स्वरयंत्र पाहिलं आहे, तरीही घशात टोचणं, आवळल्यासारखं होणं, घास वरच्या भागात रेंगाळल्याची जाणीव, सतत खाकरणं, सुका खोकला. यातल्या काहींत मानेच्या एका विशिष्ट जागी बोटाने दाबलं की हीच तक्रार उसळते. ती जागा म्हणजे कंठमण्याच्या वरच्या कडेपासून किंचित बाजूला, जिभेच्या मुळाखालचं हायॉइड हाड आणि कंठमण्याची थायरॉइड कूर्चा यांच्या मधला पडदा. तिथून सुपीरियर लॅरिंजियल नर्व्हची आतली शाखा घशात शिरते. जिभेचं मूळ, घशावरचं झाकण आणि स्वरतंतूंच्या वरचा भाग यांची संवेदना तीच मेंदूकडे नेते. दाबल्यावर एकाच बाजूला तक्रार जागी होत असेल तर ब्लॉकची बाजूही तीच.

या ब्लॉकचा अभ्यास मुख्यतः न सुटणाऱ्या खोकल्यासाठी झाला आहे. घशातल्या विचित्र संवेदनांसाठीचे अभ्यास छोटे आहेत आणि बरेचसे तुलनेसाठी दुसरा गट न घेता केलेले आहेत. कोणी ‘शंभर टक्के गुण’ म्हणत असेल तर उठून यावं.

ब्लॉकच्या आधी दोन गोष्टी करून बघितलेल्या असाव्यात. एक, गिळणं आणि आवाज यांवर काम करणाऱ्या थेरपिस्टकडून घशाचे ताठरलेले स्नायू सैल करणं, खाकरण्याची उबळ आली की खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घेणं किंवा जोरात आवंढा गिळणं, आणि पोटाने श्वास घेण्याचा सराव. या श्वासाने आम्ल वर येणंही कमी होतं. दोन, नसेचा हळवेपणा कमी करणारं औषध कमी मात्रेत, उदाहरणार्थ रात्री ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम. त्याने तोंड कोरडं पडतं आणि कोरड्या तोंडाने गिळणं आणखी जड जातं, म्हणून ते कोणाला द्यायचं हे डॉक्टरच ठरवतील.

ज्यांना पातळ पिताना ठसका लागतो, पक्षाघात किंवा पार्किन्सनमुळे गिळणं कमजोर झालं आहे, विरुद्ध बाजूची स्वरतंतू हलत नाही, मानेच्या त्या जागी संसर्ग आहे, रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत किंवा भुलीच्या औषधाची ॲलर्जी आहे, त्यांना हा ब्लॉक एक तर देत नाहीत किंवा फार विचार करून देतात. कारण उघड आहे. ही नसच घशाची राखणदार आहे. पाण्याचा थेंब चुकीच्या वाटेला लागला तर ठसका आणून तो बाहेर फेकण्याचं काम तिच्याकडे आहे.

ब्लॉक कसा देतात

हे काम सवय असलेल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांचं किंवा वेदनातज्ज्ञांचं आहे, आणि जिथे ऑक्सिजन, सक्शन, श्वासनलिकेत नळी घालण्याचं साहित्य, ॲट्रोपिन आणि २० टक्के लिपिड इमल्शन (बधिर करणारं औषध रक्तात जास्त गेल्यास त्यावरचा उतारा) हाताशी असेल अशाच ठिकाणी करायचं. क्रम माहीत असला की रुग्णाला योग्य प्रश्न विचारता येतात, म्हणून इथे देत आहोत.

१. सहा तास जेवण नाही, दोन तास पाणी नाही. गुंगीचं औषध देणार नसले तरी ॲसिडिटीच्या रुग्णाने हा नियम पाळावा. आडवं झाल्यावर वर आलेलं आम्ल आणि बधिर घसा हे मिश्रण वाईट.

२. उताणं झोपवून खांद्याखाली पातळ उशी, हनुवटी वर. हायॉइड हाड विरुद्ध बाजूने हलकेच दाबून ब्लॉकच्या बाजूला आणतात, म्हणजे त्याचं टोक बोटाला लागतं. सोनोग्राफी वापरली तर उत्तम. नस इतकी बारीक असते की ती सोनोग्राफीच्या स्क्रीनवर नेहमी दिसत नाही, पण मधला पडदा, त्यासोबतची छोटी धमनी आणि बाजूची मानेची मोठी धमनी दिसते, आणि टाळायची तीच असते.

३. त्वचा निर्जंतुक करून २५ किंवा २७ गेजची बारीक, आखूड सुई हायॉइडच्या टोकाला टेकवतात, हाडावरून खाली सरकवतात आणि पडद्यात दोन-तीन मिलिमीटरच आत नेतात.

४. औषध सोडण्याआधी सिरिंज मागे ओढून बघतात. हवा आली तर सुई घशात शिरली आहे, मागे घ्यायची. रक्त आलं तर जागा बदलायची.

५. मग एक ते दोन मिलिलिटर औषध, थांबत थांबत. साधारणपणे १ किंवा २ टक्क्यांचं लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध आणि त्यात ट्रायमसिनोलोन, कधी लिग्नोकेनऐवजी बुपिव्हाकेन हे तसलंच औषध.

मात्रेबद्दल एक हिशेब सांगण्यासारखा आहे. २ टक्के लिग्नोकेनच्या दोन मिलिलिटरमध्ये ४० मिलिग्रॅम औषध असतं. ॲड्रिनलिन न मिसळलेल्या लिग्नोकेनची कमाल मात्रा किलोमागे ४.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला २२५. मात्रेच्या दृष्टीने भीती नाही. पण तेच औषध चुकून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत गेलं तर त्यातला थोडासा भागही झटका (फिट) आणायला पुरतो, आणि ट्रायमसिनोलोनचे कण तिथे रक्तप्रवाह अडवू शकतात. म्हणून सुरक्षितता मात्रेपेक्षा सुईच्या टोकावर आणि चौथ्या पायरीवर जास्त अवलंबून आहे.

एका दिवशी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम बधिर करण्याची पद्धत आहे, पण ती शस्त्रक्रियेआधी उपाशीपोटी, जागेपणी श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी. घरी जाऊन जेवणाऱ्या माणसासाठी नव्हे.

पुढचे काही तास

दोन ते पाच मिनिटांत घसा जड, सुजल्यासारखा वाटू लागतो. गिळणं आधीपेक्षा अवघड वाटतं, आवाज घोगरा होतो, ‘गळा बंद झाला’ असं वाटून काही जण घाबरतात. श्वास आत-बाहेर नीट चालू असेल, आवाज न होता, तर हा फक्त बधिरपणा आहे. अर्धा तास तिथेच बसून राहायचं. ओठांभोवती मुंग्या, तोंडाला धातूसारखी चव, कानात घंटा, भोवळ यांतलं काही जाणवलं तर गप्प बसू नका, लगेच सांगा. औषध रक्तात जास्त गेल्याच्या या पहिल्या खुणा आहेत.

बधिरपणा पूर्ण जाईपर्यंत तोंडाने काहीही नाही. लिग्नोकेन असेल तर किमान दोन तास, बुपिव्हाकेन असेल तर त्याहून बरेच जास्त. म्हणून कोणतं औषध दिलं ते लिहून घ्या. बधिरपणा गेला की ताठ बसून चमचाभर साधं पाणी घ्या. ठसका नाही, बोलून पाहिल्यावर आवाज ओला, गुळगुळल्यासारखा येत नाही, तर आणखी दोन चमचे. तेही सुरळीत गेले तर मऊ पदार्थ. ठसका लागला तर तासभर थांबून पुन्हा. गरम पेय त्या दिवशी नको, भाजल्याचं कळत नाही. घरी घशाला बधिर करणारा स्प्रे किंवा जेल जेवणाआधी वापरण्याची सवय कोणी लावली असेल तर तीही याच कारणाने मोडा.

मानेत वाढत जाणारी सूज, श्वास घेताना घर्र आवाज, त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी ताप आणि कफ: थेट रुग्णालय. मधुमेह असेल तर स्टेरॉइडमुळे काही दिवस साखर चढते. आठवडाभर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा.

चुकतं कुठे

सर्वांत जास्त चूक निवडीत होते. आवळ असलेल्या रुग्णाला ब्लॉक दिला की दोन दिवस वेदना कमी वाटते, तो नेहमीसारखं घट्ट खातो आणि घास पक्का बसतो. दुसरी चूक नस चुकवणं: औषध पडद्याच्या वरच राहिलं तर घसा बधिरच होत नाही. दहा मिनिटांत जडपणा आला नाही, तर तो ब्लॉक झालाच नाही असं धरावं. त्यावरून ‘मला ब्लॉक लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढू नये. तिसरी, आम्लाचं औषध बंद करणं. ब्लॉकने बरं वाटलं म्हणून गोळी सोडली की नसेला पुन्हा तोच मारा सुरू.

स्टेलेट गँग्लियन ब्लॉक नावाचा दुसरा ब्लॉकही याच तक्रारीसाठी सुचवला जातो. तो मानेच्या तळाशी वेगळ्या नसांच्या जाळ्यावर देतात. त्यात शेजारची स्वरयंत्राची नस बधिर होऊन आवाज बसणं आणि गिळायला त्रास होणं हे त्याचे ओळखीचे दुष्परिणाम आहेत. गिळण्याच्या त्रासासाठी तो घेण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

गुण आला की नाही, हे कसं ठरवायचं

आठवणीवर सोडू नका. ब्लॉकच्या आदल्या आठवड्यात आणि नंतर दर आठवड्याला ईट-१० ही प्रश्नावली भरा. दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ३ किंवा जास्त म्हणजे गिळण्यात अडचण आहे. शेजारी दोन आकडे लिहा: एका जेवणाला लागलेली मिनिटं आणि दिवसात किती वेळा खाकरलात. पहिल्या काही तासांतलं बरं वाटणं मोजायचं नाही, ते भुलीचं असतं. स्टेरॉइडचा आणि नस शांत होण्याचा परिणाम दिसतो तो पुढच्या दिवसांत. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गुणांत स्पष्ट घट असेल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने पुढचा ब्लॉक घेण्यात अर्थ आहे. दोन-तीन नीट बसलेले ब्लॉक होऊनही आकडे जागचे हलले नाहीत, तर थांबायचं आणि वरच्या तपासण्यांची फाइल पुन्हा उघडायची. तुकडे घेतले होते का, आणि मॅनोमेट्री खरंच झाली होती का, हे आधी बघायचं.